झाडीपट्टीच्या नाटकात काम करायचंय? पहिल्या हंगामाआधी एवढं वाचा

धानाची कापणी-मळणी उरकून हातात चार पैसे आले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात, आणि जिथे मंडई किंवा पट तिथे रात्री नाटक, असा इथला शिरस्ता. होळीपर्यंत, काही भागांत त्याच्याही पुढे, हे चालू राहतं. या दिवसांत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशातून रोज कलाकारांच्या गाड्या निघतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर परततात. सरकारी कागदांवर गावाचं नाव देसाईगंज आहे, पण स्टेशनच्या पाटीवर वडसा आणि लोकांच्या तोंडीही वडसाच.

नाटकात करिअर करायचं म्हणजे पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहायचं, हे आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिकडचे नट हंगामात इथे पाहुणे कलाकार म्हणून येतात, पोस्टरवर त्यांची नावं ठळक छापली जातात, आणि आपण मात्र तिकडची वाट विचारत बसतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी उभं आयुष्य याच रंगभूमीवर काढलं, हजारो प्रयोग केले, आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळ्यांना तसं जमेल असं मी म्हणत नाही. पण घर न सोडता, शेती न विकता नटाचं काम करता येतं, एवढं तरी त्यावरून मान्य करायला हरकत नाही.

पुढे जे लिहिलंय ते गणपतीत एकांकिका केलेल्या, भजनात पेटी वाजवणाऱ्या, गॅदरिंगमध्ये नाचलेल्या आणि "आता पुढे काय" म्हणून अडलेल्या पोरापोरींसाठी आहे.

पाऊल पहिलं: एक हंगाम नाटक बघा, पण कामाच्या नजरेने

लहानपणापासून आईच्या मांडीवर झोपून बघितलेलं नाटक यात धरू नका. या वेळी संध्याकाळीच पोहोचा. मंडप कसा लागतो, पडदे कोण बांधतो, माईक कुठे टांगले आहेत, कलाकारांची गाडी किती वाजता येते, ते आल्या आल्या काय करतात, सगळं बघा. नाटक दहा-अकराला उघडतं आणि पहाटे चार-पाचला संपतं. बघणारा मध्येच घरी जाऊन झोपतो. तुम्ही जाऊ नका. रात्री दोनच्या सुमाराला मंडपात काय होतं ते बघण्यासाठीच तुम्ही आलेले आहात. पोरं सतरंजीवर आडवी झालेली असतात, म्हातारे घोंगडीत तोंड खुपसून बसलेले असतात, मागची टोळी चहाच्या दुकानाकडे सरकलेली असते. अशा वेळी कोणत्या नटाच्या एन्ट्रीला माणसं पुन्हा उठून बसतात आणि त्याने नेमकं काय केलं, ते वहीत लिहून ठेवा. विनोदी पात्र आलं म्हणून उठले, की गाणं लागलं म्हणून, की कुणी मोठ्याने ओरडलं म्हणून?

माईककडे खास लक्ष द्या. शहरातल्या नाट्यगृहातला नट स्टेजभर हिंडून बोलतो. इथे उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायचा, म्हणून वाक्य माईकपाशी येऊनच बोलावं लागतं. जुना नट काय करतो बघा: बोलत असतानाच दोन पावलं टाकून माईकखाली येतो, हनुवटी थोडी वर करतो, वाक्य टाकतो, आणि शेवटचा शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच अर्धं पाऊल बाजूला होतो, म्हणजे समोरच्याला माईक मोकळा मिळतो. हे इतकं सफाईने होतं की प्रेक्षकाला तो अभिनयाचाच भाग वाटतो. नवा नट माईकखाली खांबासारखा उभा राहतो, आणि समोरची नायिका लांबून ओरडत राहते. घरी दोरीला एक तांब्या टांगून ही ये-जा करून बघा. हसण्यासारखं आहे, पण उपयोगी आहे.

पाऊल दुसरं: आपल्याला कोणतं काम येतं ते नीट ठरवा

पोस्टरवर नायक-नायिका दिसतात, पण एका मंडळाच्या गाडीत नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट, म्हातारा-म्हातारीची कामं करणारे, ऑर्गन आणि तबला वाजवणारे, पॅडवाला, लावणी करणाऱ्या नर्तकी, प्रॉम्प्टर, मेकअपवाला, पडदे आणि लाइट सांभाळणारे, वर मॅनेजर, एवढी माणसं असतात. "मला हिरो करा" म्हणून येणारे दर वर्षी ढिगाने येतात. ऑर्गनवर हात असलेला पोरगा मात्र शोधावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा की दोन कामं येत असतील तरच दारात जा. अभिनय आणि तबला, गाणं आणि चरित्र भूमिका, मेकअप आणि छोटी भूमिका. गाडीत माणसं मोजकीच मावतात. जो दोन जागा भरून काढतो त्याला मॅनेजर आधी घेतो. चित्रकलेचा हात असेल तर तोही इथे उपाशी राहत नाही. पडदे, दरबाराचे देखावे, पोस्टर यांचं काम असतंच. फ्लेक्सने हाताने रंगवायचं बरंचसं काम खाल्लं हे खरं, पण फाटलेला पडदा दुरुस्त करून त्यावर तोच रंग बसवणारा माणूस अजूनही लागतो.

प्रॉम्प्टरची जागा मिळाली तर नाक मुरडू नका, उलट तीच मागून घ्या. इथे तालमीचे दिवस कमी आणि नाटकं जास्त, त्यामुळे पडद्याआडून संहिता सांगणाऱ्यावर बरंच चालतं. हे काम करणाऱ्याची दोन-तीन नाटकं आपोआप पाठ होतात, कोणता नट कुठे अडखळतो ते कळतं, आणि एखाद्या रात्री कुणी आजारी पडलं की मॅनेजरची नजर पहिल्यांदा तुमच्याकडेच वळते.

पाऊल तिसरं: पावसाळ्यात तयारी

धानाची रोवणी आटोपली की दिवाळीपर्यंत जो वेळ मिळतो तो तयारीचा. मंडळांचे कलाकारांचे संच बहुतेक दिवाळीच्या आधीच ठरलेले असतात, त्यामुळे मंडई लागल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

आवाज आधी. रोज सकाळी अर्धा तास बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, उभं राहून मोठ्याने वाचा. वर्तमानपत्र, पोथी, जे हाताला लागेल ते. ओरडायचं नाही, पोटातून आवाज काढायचा. घसा दुखू लागला तर पद्धत चुकतेय असं समजा. सहा तास, तेही लागोपाठ काही रात्री, थंडीत बोलायचं आहे. नुसत्या घशावर ते निभत नाही.

मग खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खिशात आत्ता पुडी असेल, म्हणून सरळच लिहितो. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. ती जात नसतील तर नाटक राहू द्या, आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. ज्याला "आ" नीट म्हणता येत नाही त्याचा संवाद पाचव्या रांगेपलीकडे जात नाही, आणि गाणं तर विसराच. रोगाचं काय ते डॉक्टर सांगतील. मी फक्त धंद्याचं सांगतोय.

भाषेचं दुहेरी आहे. नायक, पोलीस अधिकारी, पाटील असल्या भूमिका बहुधा पुस्तकी मराठीत लिहिलेल्या असतात. तिथे आपल्या बोलीतलं "पानी" आणि "डोरा" निसटलं की मंडपात हशा पिकतो. त्यामुळे ण, ळ, श यांचा सराव करावाच लागतो. विनोदी पात्राचं मात्र उलटं. तिथे झाडीबोली जितकी अस्सल तितकी टाळी मोठी. घरी आजी बोलते ती भाषा विसरू नका, तिच्यातल्या म्हणी आणि शिव्या दोन्ही वहीत उतरवून घ्या. पुण्याहून आलेल्या नटाकडे सगळं असेल, ही वही नसेल.

दंडार, खडी गंमत, राधा, दंडीगान हे जुने लोककलेचे प्रकार गावात अजून कुणी करत असेल तर त्यांच्याबरोबर एक-दोन रात्री घालवा. पैसा मिळणार नाही. पण स्टेज नाही, माईक नाही, पडदा नाही, आणि माणसं तीन बाजूंनी वेढून बसलेली, अशा ठिकाणी उभं राहायला शिकलेला नट पुढे कुठेच घाबरत नाही.

पाऊल चौथं: वडशाला जाणं

पोळा झाला की जायला लागा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर वडसा आहे, ब्रह्मपुरी आणि आरमोरीकडून एसटी आहे. हंगामात इथे मंडळांच्या कार्यालयांचे फलक ओळीने लागतात. गावागावातून आयोजक येतात, नाटक ठरवतात, तारीख घेतात.

जाताना फोनमध्ये तीन गोष्टी तयार ठेवा. एक-दोन मिनिटांचा संवादाचा व्हिडिओ, मागे कुत्रं भुंकत नसलेला. गाणं येत असेल तर एक गाणं, ट्रॅकवर नाही, पेटीवर. आणि दोन साधे फोटो, फिल्टर न लावलेले. ओळखीचा कुणी नट, वादक, मेकअपवाला असेल तर त्याच्याबरोबर जा. नसेल तर एकटे जा, काही बिघडत नाही. वयाने मोठ्यांना भाऊ, मामा, काका म्हणा, बसायला सांगेपर्यंत उभे राहा, आणि समोर गावचे आयोजक बसलेले असतील तर मॅनेजरला मध्ये तोडू नका, कारण तो तेव्हा वर्षाची कमाई करत असतो.

काय बोलायचं? "काहीही काम द्या" हे सर्वात वाईट वाक्य. त्यातून काहीच कळत नाही. "म्हाताऱ्याचं आणि विनोदी काम करतो, तबला साथीपुरता वाजवतो, नोव्हेंबर ते मार्च पूर्ण मोकळा आहे" असं सांगा. शेवटचा भाग महत्त्वाचा. घरचा धान अजून कापायचा आहे, जानेवारीत बहिणीचं लग्न आहे, फेब्रुवारीत परीक्षा आहे, हे आधीच सांगून टाका. भर हंगामात दांडी मारणाऱ्या नटाचं नाव वडशात दोन दिवसांत सगळ्यांना कळतं.

पहिल्या फेरीत नकार आला तर फोन नंबर देऊन या आणि दसऱ्याला पुन्हा एकदा तोंड दाखवा. संच ठरल्यावरही माणसं गळतात.

काही जण "संधी देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" असं म्हणतात. नाटकात काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याने भरायचे नसतात. उठून या.

पाऊल पाचवं: पैशाचं बोलणं

याच ठिकाणी नवे कलाकार लाजतात आणि पुढे वर्षभर कुढतात.

आधी पैसा येतो कुठून ते समजून घ्या. गावातलं एक आयोजक मंडळ ठरावीक रक्कम देऊन नाट्यमंडळाकडून प्रयोग घेतं, मंडप घालतं, तिकीट लावतं. गर्दी झाली तर फायदा गावाचा, त्यातून कुठे देवळाचं तर कुठे शाळेचं काम निघतं. पाऊस पडला, शेजारच्या गावात त्याच रात्री मोठ्या नावाचं नाटक लागलं, तर तोटाही गावाचाच. म्हणून आयोजक पोस्टरवरची नावं बघून आणि मागच्या वर्षीची रात्र आठवून नाटक घेतात. मॅनेजर तुम्हाला नाईटचे, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे, किती देतो हे तुमच्या अभिनयापेक्षा गाव तुमचं नाव ओळखतं का, यावर जास्त ठरतं. पहिल्या वर्षी गाव ओळखत नाही. तेव्हा रक्कम कमीच असणार. त्याचा राग धरू नका, पण ती किती हे तोंडावर विचारा.

मोबदला नाईटवर असतो. समजुतीसाठी एक हिशेब मांडू. नाईटचे 800 रुपये आणि हंगामात 60 नाईट धरल्या, तर 48,000 रुपये झाले. चार महिन्यांत एवढे पैसे हातात आले की पोराला वाटतं आपण श्रीमंत झालो. तेच बारा महिन्यांत वाटले की महिन्याला 4,000 उरतात, आणि त्यातून मेकअपचं सामान, भूमिकेचे कपडे, चपला, फोनचा खर्च जायचा असतो. हा हिशेब पहिल्याच दिवशी आईबापासमोर मांडा. त्यांचाही विश्वास बसतो आणि तुमचेही पाय जमिनीवर राहतात.

मॅनेजरशी बोलताना हे प्रश्न विचारायचेच. नाईटचे किती, आणि रोज मिळणार की आठवड्याने? गावापासून वडशापर्यंतचा खर्च कुणाचा? रात्रीचं जेवण आयोजकाकडे की आपलं आपण? प्रयोग ठरून ऐनवेळी रद्द झाला तर काही मिळेल का? हा शेवटचा प्रश्न नुसता पावसासाठी नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या जागी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरवर बंधन आहे, आणि आपलं नाटक उघडतंच दहानंतर. परवानग्या काढणं हे आयोजकाचं काम, तुमचं नाही. पण प्रयोग अडला तर नाईट तुमची बुडते, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

ॲडव्हान्स जपून घ्या. दिवाळीला घरी खर्च असतो, मंडळ ॲडव्हान्स देतं, आणि मग अख्खा डिसेंबर तो फेडण्यात जातो. त्या काळात दुसऱ्या मंडळाने जास्त पैसे सांगितले तरी हलता येत नाही. घेतलाच तर एका वहीत तारीख-रक्कम लिहून दोघांची सही घ्या. त्याच वहीत रोजचा प्रयोग लिहा: तारीख, गाव, नाटक, किती मिळाले, किती राहिले. व्हॉट्सॲपवर मॅनेजरला दर आठवड्याला "एवढ्या नाईट झाल्या, एवढे मिळाले, एवढे बाकी" असा साधा मेसेज टाका. भांडण करायचं नसतं, मेसेज मात्र राहतो.

बक्षिसांचं निराळं असतं. गाणं रंगलं की मंडपातून कुणीतरी पन्नास-शंभर रुपये पाठवतो आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. ते पैसे ज्याला मिळाले त्याचे, की सगळ्यांत वाटायचे, की वादकांचाही वाटा, हे मंडळागणिक बदलतं. आधी विचारून घ्या. शंभर रुपयांवरून तोडलेली मैत्री पुढे महाग पडते.

आता यूट्यूबचं. नाटकं रेकॉर्ड होतात, चॅनेलवर जातात, लाखांनी बघितली जातात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकारालाही हक्क दिलेला आहे. नव्या नटाला त्यावरून पहिल्या वर्षी पैसे मिळतील असं मी सांगणार नाही, पण रेकॉर्डिंग कुणी, कशासाठी करतंय आणि तुमचं नाव खाली येणार का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

मुलींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

एकेकाळी इथे स्त्री-भूमिका पुरुषच करायचे. आज नायिकेशिवाय पोस्टर छापलं जात नाही, आणि चांगल्या गाणाऱ्या-बोलणाऱ्या मुलीला पोराच्या आधी काम मिळतं. तरी घरून विरोध होतो, आणि तो सगळाच खोटा असतो असं नाही.

कामाची व्याख्या पहिल्या दिवशी पक्की करा. फक्त अभिनय, की अंकांच्या मध्ये लावणीही? लावणी करणं कमीपणाचं नाही, तो एक पूर्ण वेगळा आणि कष्टाचा हुन्नर आहे. पण नायिका म्हणून नेऊन गावात पोहोचल्यावर "आता नाचायला पण लागेल" असं सांगणं ही फसवणूक आहे. मंडईत "हंगामा" नावाने जे नाच ठेवतात त्यांचा नाटकाशी संबंध नाही, आणि अश्लीलतेवरून पोलीस कारवाई झाल्याच्या बातम्या त्या कार्यक्रमांच्या असतात. मंडळ दोन्ही करत असेल तर तिथे जाऊ नका.

विचारायच्या बाकी गोष्टी साध्या आहेत: संचात आणखी बायका किती, कपडे बदलायची जागा वेगळी आहे का, गावात शौचालयाची सोय कुणाकडे, परतीची गाडी थेट वडशाला की मध्ये थांबणार. पहिल्या दोन-चार प्रयोगांना आई, मामा, भाऊ कुणीतरी बरोबर येऊ द्या. चांगला मॅनेजर याला कधीच नाही म्हणत नाही. जो म्हणतो त्याच्याबद्दल तुम्हाला कळायचं ते कळलंच.

पाऊल सहावं: हंगामातला दिवस

रात्रीचं काम असलं तरी हंगाम दिवसा जिंकायचा असतो. सकाळी सात-आठला पोहोचलात की फोन बंद करून पाच-सहा तास झोपा. गावातले मित्र चौकात बोलावतील, नट झालास म्हणून कौतुक करतील. झोपा. दुपारी जेवण पोटभर, रात्री प्रयोगाआधी हलकं. आयोजकाच्या घरी आग्रहाने मटण वाढतात आणि नाही म्हणणं जड जातं. मग मध्यरात्री मारामारीच्या सीनमध्ये पोटातलं मटण आठवतं. प्रयोग संपल्यावर खा.

मफलर, स्वेटर, कोमट पाण्याची बाटली, स्वतःचा मेकअप पुसायचा कपडा आणि खोबरेल तेलाची डबी, ओडोमॉस, साधी औषधं एवढं एका पिशवीत कायम भरलेलं असू द्या. मेकअप न पुसता झोपणाऱ्यांची कातडी डिसेंबरातच फुटते. मच्छरांचं हलक्यात घेऊ नका, हा मलेरियाचा पट्टा आहे; थंडी वाजून ताप आला तर नुसती गोळी गिळून स्टेजवर चढू नका, रक्त तपासून घ्या.

पहाटे मोटारसायकलवर एकट्याने जंगलातून घरी जायचा मोह टाळा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडचे रस्ते वाघाचे आहेत हे आपल्याला सांगायला नको, पण त्याहून जास्त धोका तुमच्या पेंगणाऱ्या डोळ्यांचा आहे. गाडीत झोपून वडशाला या, उन्ह वर आल्यावर घरी जा.

दारूचं एकच सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि तरीही कुठे काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. प्रयोगाआधी घेतलेला नट प्रेक्षकांना पहिल्या दोन वाक्यांत कळतो. आयोजक पुढच्या वर्षी मॅनेजरला सांगतात, "नाटक द्या, तो नको."

उरलेले आठ महिने

नाईटवर घर चालत नाही, हे गृहीत धरूनच हा धंदा करायचा असतो. जुने कलाकार शेती करतात, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात, कुणी शिंपीकाम, कुणी सलून, कुणी भजनाचे आणि लग्नाचे कार्यक्रम करतात. कोरोनात प्रयोग बंद पडले तेव्हा ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांचे हाल झाले. तुमचं दुसरं काम हंगामाच्या आड न येणारं निवडा. बारमाही ड्यूटीची नोकरी आणि झाडीपट्टी एकत्र जमत नाही. टेलरिंग, मोबाइल दुरुस्ती, शेळ्या, फोटोग्राफी जमतं.

शिकत असाल तर शिक्षण सोडू नका. कॉलेजच्या युवक महोत्सवात नाटक, मूकाभिनय, नकला यात उतरा. तिथून विद्यापीठाच्या संघात आणि पुढे राज्यातल्या विद्यापीठांच्या "इंद्रधनुष्य" महोत्सवापर्यंत जाता येतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी नाट्य स्पर्धा नागपूर आणि चंद्रपूर केंद्रांवर होते, पण ती बहुतेक वेळा आपल्या हंगामातच येते, म्हणून मॅनेजरला तारीख आधी सांगावी लागते. पुढे रीतसर शिकायचं झालं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे दोन दरवाजे आहेत. दोन हंगाम करून तिथे गेलेल्या पोराकडे सांगायला बरंच असतं. माझ्या मते बारावीनंतर थेट पळण्यापेक्षा हा क्रम चांगला.

एक फाइल आजच सुरू करा

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, आणि 2024 पासून तिची रक्कम महिन्याला 5,000 रुपये झाली. त्यासाठी वयाची पन्नाशी आणि कलेतली 15 वर्षं लागतात. विशीतल्या पोराला हे हसण्यासारखं वाटेल. पण आज साठीला आलेल्या कितीतरी नटांकडे आयुष्यभर स्टेजवर उभं राहूनही दाखवायला एक कागद नाही, आणि अर्ज तिथेच अडतो.

म्हणून प्लॅस्टिकची एक फाइल घ्या. तुमचं नाव असलेलं प्रत्येक पत्रक, पोस्टरचा फोटो, स्पर्धेचं प्रमाणपत्र, पेपरातलं कात्रण त्यात टाका. नवख्याचं नाव पत्रकावर छापलं जाईलच असं नाही, त्यामुळे हंगाम संपताना मॅनेजरकडून मंडळाच्या छापील कागदावर चार ओळी लिहून घ्या: अमुक वर्षी, अमुक नाटकात, अमुक भूमिका केली. शिक्का मारून घ्यायला विसरू नका. आणि हे होळीच्या आधी करा. नंतर कार्यालयाला कुलूप असतं आणि मॅनेजर आपल्या शेतावर.